परिशिष्ट अ

सोहारच्या बंदरामागे, सहा नंबरच्या गोदामात
मी नटबोल्ट मोजतो.
एकोणीस वर्षं. आवक, जावक, शिल्लक.
मोजलं नाही ते हरवलं, असं आमचा जुना ओमानी साहेब म्हणायचा
आणि मग स्वतःचा चष्मा शोधायचा.

शुक्रवारी कॅम्पात मोठ्याने वाचायचो
कुमुदिनीबाई ओळकरांच्या कादंबरीचे सात भाग.
खाटांवर पाचजण, दारात दोघे,
रावजी झेमसे क्रेनवरून उतरून तसाच, हेल्मेट मांडीवर.
ज्याची ड्युटी लागे त्याचं प्रकरण बुडे.
पुढच्या शुक्रवारी तो विचारी:
ही सखू कोण? मागे मेली ती, की तिची जाऊ?
म्हणून वही केली. एवढंच कारण.

वही वाढली.
माणसं चारशे बारा. विहिरी नऊ, त्यांतली एक खारी.
कुणाचं लग्न कुठल्या पानावर, कुणाचं कर्ज कुठल्या पानावर फिटलं.
निवेखाडी ते बाजार: चालत दीड तास,
घरात भांडण झालं असेल तर एक.
नकाशा डिलिव्हरी चलनाच्या पाठीवर,
खाडी निळ्या बॉलपेनने, वाटा लाल.
आणि शेवटी, गोदामातल्या सवयीने, एक पान: तफावत.
तिथे तीनच नोंदी. तिसरी दौलूची होडी.
भाग तीन, पान ८८, धक्क्याला बांधली.
पुढे जावक नाही. शिल्लकही नाही.

टायपिंग सेंटरच्या बाबूने चाळीस प्रती काढल्या, स्पायरल घालून.
दीड रियाल खर्च, दीड रियालच किंमत.
सहा मस्कतला गेल्या, दोन रुवैसला,
एक कुणाच्यातरी बॅगेतून, खजुरांच्या डब्याखाली, पुण्याला.

नोटीस गावच्या पत्त्यावर आली.
मेव्हण्याने फोटो काढून पाठवली, अंगठा मध्ये आलेला.
श्री. मुश्ताक अ. रहमान परकार यांस.
आमच्या अशिलाची पात्रे, स्थळे व कल्पनासृष्टी यांचा
अनधिकृत व व्यापारी वापर.
व्यापारी.
मी नफा काढला: चाळीस गुणिले शून्य.
रावजी म्हणाला, भांड. सातही भाग आपण विकत घेतलेत.
मला भांडता येईना.
चारशे बारा जीव तिने जन्माला घातले,
मी नुसती हजेरी घेतली
आणि हजेरीपटावर वरती माझं नाव छापलं.
तरी मनात आलंच,
सखूच्या घराची वाट बाईंना माझ्याइतकी पाठ असेल का?
आलं, आणि लाजही वाटली.

सोबत पुरावा जोडला होता. परिशिष्ट अ.
माझीच पानं, झेरॉक्सची झेरॉक्स.
फोटो मोठा करत गेलो.
तफावतीच्या पानावर, समासात, पुसट अक्षरं.
पेन्सिलीची. वकील पेन्सिलीने लिहीत नाही.
"अगं बाई. होडी खरंच कुठे गेली?"

त्यानंतर तीन महिने मी सातही भाग पुन्हा वाचले,
मोठ्याने नाही. रात्री, एसीच्या घरघरीत,
एका ओळीखाली पट्टी धरून,
वर्षअखेरीचा माल तपासतात तसे.

मग उत्तर लिहिलं, वकिलाच्या नावे, साध्या कागदावर.
आपले म्हणणे मान्य आहे.
प्रती परत मागवल्या, अडतीस फाडल्या.
एक रावजी झेमसे यांच्याकडे आहे, ते देत नाहीत.
एक आपल्याकडे आहे.
पुन्हा काढणार नाही. कळावे.

ता.क. बाईंना सांगावे, होडी सापडली.
भाग सहा, पान ३४१, शेकूच्या पडवीत उलटी घातलेली,
वर सोडे वाळत आहेत.
तिथे दौलूचं नाव नाही, म्हणून नजरेतून सुटली.
मोजणीतली चूक माझी.